पायाळू आभाळ

१

वैशाखात खव्याच्या भट्टीपुढं बसायचं म्हणजे दोन उन्हांच्या मधी बसायचं. एक डोक्यावरचं, एक चुलवणातलं. हरणाबाईला त्याची सवय होती. बहात्तरच्या दुष्काळात तिनं तळ्याच्या कामावर खडी फोडली होती, तेव्हापासून ऊन तिला ओळखायचं आणि ती उन्हाला. पुढं गावात दुधाची संस्था निघाली, तिच्या लेकानं, शांतलिंगानं, म्हशी बांधल्या. सकाळचं दूध संस्थेच्या कॅनीत जायचं, राहिलेलं दुपारी भट्टीवर चढायचं. गावापासून लांब, शेतातल्या वस्तीवर तिघंच माणसं. हरणाबाई, शांतलिंग आणि त्याची बायको जगदेवी. जगदेवीचे दिवस भरत आले होते. पहिलटकरीण.

त्या दुपारी कढईत दूध आटत आलं होतं. हरणाबाई उलथन्यानं तळ खरवडत होती आणि एक डोळा आभाळावर ठेवून होती. भट्टीचा धूर वर जाईना, जमिनीवर लोळायला लागला. मिठाच्या बरणीला पाझर फुटलेला. मुंग्या अंडी घेऊन भिंत चढत होत्या. तेरखेड्याच्या अंगाला कडब्याच्या गंजीवर गंजी रचावी तसे ढग उभे चढत चालले होते. शेंडे पांढरेफेक आणि बूड तव्याच्या पाठीसारखं.

"वळीव येतंय गं," हरणाबाई म्हणाली.

जगदेवी दारात पाय पसरून तूर निवडत होती. तिचं माहेर कानडी मुलखात, आळंदच्या अंगाला, सासूला ती तिकडच्या वळणानं अत्ती म्हणायची. "येऊ द्या अत्ती. पोटातलं तरी गार बसंल. सकाळपून लाथा मारायलंय."

तेवढ्यात गडगडलं. रिकामी बैलगाडी खडकावरून कुणी दामटत न्यावी तसं, लांबून आलं आणि पायाखालून गेलं. हरणाबाईचा हात चालूच होता.

मग चमकलं.

हात थांबला. "जगदेवी, आधी काय झालं?"

"कशाच्या आधी? गडगडलं की."

"आन् मग?"

"मग वीज झाली. का हो?"

"काय न्हाय."

तिनं पुन्हा आभाळाकडं बघितलं. पुन्हा गडगडलं. पोरगी तूर निवडत होती, म्हैस रवंथ करत होती, आणि गडगडणं पार विरून गेल्यावर, कुणाच्या तरी ध्यानात आल्यासारखं, ढगाच्या पोटात उजेड पडला.

कढईतनं करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत हरणाबाईचा खवा पहिल्यांदा तळाला लागला.

२

"तेरखेड्यात बार बघत असतील," शांतलिंग म्हणाला. "लगीनसराई हाय. फटाक्याची दारू सुकती का न्हाय ते बघत्यात. आवाज त्यांचा, वीज आभाळाची. तू दोन्हीची गाठ मारायलीस."

"असंल बाबा."

"असंल न्हाय, हायच. आई, तू खवा जाळलास आन् नाव आभाळाचं घेतीस व्हय?"

ती हसली. पटण्यासारखंच होतं. तेरखेड्याचे बार वाऱ्यावर वस्तीपर्यंत येतात, हे लहान पोरालाही ठाऊक. सांजेला वारा पडला, ढग न बरसताच मोडले, आणि बौद्धवाड्यातली विठाबाई जगदेवीचं पोट बघायला आली. गावातली निम्मी माणसं विठाबाईच्या हातावर जन्मलेली. म्हातारी कानानं ठार बहिरी होती, पण समोरच्याचे ओठ अचूक वाचायची.

तिनं पोटावर हात फिरवला आणि बरगडीखाली बोटं रुतवली.

"डोस्कं वर हाय," ती म्हणाली. "पाय खाली. पायाळू यायलंय."

जगदेवीचं तोंड उतरलं. "पायाळूवर वीज पडती म्हणत्यात."

"म्हणत्यात की. आन् पायाळूला जमिनीतलं पाणी दिसतं असं बी म्हणत्यात. म्या बी पायाळूच हाय. वीज पडली न्हाय, पाणी दिसलं न्हाय. नुसती बहिरी झाले."

तिघीही हसल्या. पण निघताना विठाबाईनं हरणाबाईला गोठ्याच्या कडंला ओढलं. "बाई, पहिलटकरीण हाय. पाय बाहेर येतील सुखानं, डोस्कं अडकतं. कळा लागल्या की संस्थेच्या टेम्पोत घाला आन् धाराशिवला न्या. आन् न्यायला न्हाय जमलं तर एवढं ध्यानात ठिवा. ओढायचं न्हाय. आपसूक येऊ द्यायचं. मान दिसली की पाय धरून आईच्या पोटाकडं वर उचलायचे. आन् रडलं न्हाय तर आपला श्वास द्यायचा."

हरणाबाईनं मान हलवली. तिची स्वतःची पहिली लेक अशीच पायांनी आली होती, आणि आली तशीच गेली. त्या वेळी तिच्या तोंडून जो आवाज निघाला, तो तिचा तिलाच ओळखू आला नव्हता. तसलं या घरात पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं त्या सांजेला मनाशी बांधलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी पान हलत नव्हतं. जेवून ताटं उचलतायत तोवर गोठ्याकडून आवाज आला. पत्र्याचे खिळे उपटत जावेत आणि पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत टरकावा तसा. त्यामागं म्हैस फोडल्यासारखी ओरडली.

तिघंही धावत बाहेर आली.

पत्रा जाग्यावर होता. खिळे जाग्यावर. म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती.

"उंदीर असतील पत्र्यावर," शांतलिंग म्हणाला.

"एवढे उंदीर?"

"मग घुशी." तरी तो वर चढला, खिळे ठोकले, वर दगड रचले. खाली उतरला तेव्हा म्हणाला, "आता इंद्राच्या बापाला हलायचा न्हाय."

उन्हं कलली आणि तेरखेड्याच्या अंगाला काल मोडलेला ढग पुन्हा उभा राहिला. काल होता तिथंच, पण मोठा. त्याच्या बुडातून धुळीची भिंत निघाली, लालसर, माणसाच्या चालीनं येणारी. ती बांध ओलांडून आली, वस्तीवर चढली, आणि हरणाबाईनं दारातून बघितलं, गोठ्याचा पत्रा उचलला गेला. झोपलेल्याच्या अंगावरची वाकळ कुणी हळूच काढून घ्यावी तसा. दगड घरंगळले. पत्रा वर गेला, वाकला, दुमडला, पलीकडच्या रानात जाऊन पडला. म्हशीनं मान ताणून तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं.

आवाज काहीच झाला नाही. दगडाचा नाही, पत्र्याचा नाही, म्हशीचा नाही.

धूळ खाली बसल्यावर शांतलिंगानं डोळे चोळले. "वाऱ्याच्या घोंगाटात काय ऐकू येतंय!"

"घोंगाट तरी ऐकू आला का तुला?"

तो म्हशीचं दावं सोडायला गेला.

हरणाबाई उंबऱ्यावर बसून राहिली. तिनं दोन्ही गोष्टी नीट शेजारी ठेवून बघितल्या. आवाज दुपारी येऊन गेला आणि पत्रा त्याच्यामागून गेला. काल गडगडणं येऊन गेलं आणि उजेड मागून पडला. पायाळू लेकरू जसं डोक्याऐवजी पायांनी निघतं तसं हे आभाळ निघालं होतं. आणि कालच्यापेक्षा आज मधलं अंतर वाढलं होतं. काल दोन दमांचं, आज अर्ध्या दुपारचं.

एवढा विचार करून ती उठली आणि उद्या लागतील म्हणून धुतलेली लुगडी, विळी, दोरा आणि चुलीजवळ पाण्याचा हंडा, सगळं मांडून ठेवलं. भ्यायला वेळ मिळाला की माणूस भितं. तिला तो मिळू द्यायचा नव्हता.

४

कळा लागल्या त्या तिसऱ्या दिवशी भर दुपारी. शांतलिंगानं सायकल काढली, संस्थेचा टेम्पो आणायला. तो पायडलवर पाय ठेवतोय तोच रस्त्याच्या अंगानं मोठं झाड मोडल्याचा आवाज आला. आधी करकर, मग फांद्यांचा धबाका.

दोघांनीही तिकडं बघितलं. रस्त्यावरचा वड लांबून दिसत होता. उभाच होता.

"शांत्या," हरणाबाई म्हणाली, "वडाखाली थांबू नको. तहान लागली, चेन पडली, गारा आल्या, तरी थांबू नको."

"आई, तू बी ना..."

"माझी आण हाय."

तो हसायला गेला, पण आईचं तोंड बघून त्यानं मान हलवली आणि गेला.

जगदेवीला तिनं आतल्या खोलीत घेतलं. माळवदाची खोली, जाड भिंती, एक दार, एक झरोका. बाहेर ढग आता वस्तीच्या डोक्यावर आला होता. रंग काळा राहिला नव्हता. सडक्या पाण्यासारखा हिरवट झाला होता, आणि त्या उजेडात अंगण, भट्टी, गोठा सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसत होतं. कावळे दिसेनात. वाऱ्याचं नाव नव्हतं. हरणाबाईनं कंदील लावला आणि दार लोटायला गेली.

दाराच्या फळीला हात लागला आणि अंगणातून रडणं ऐकू आलं.

बाईमाणसाचं रडणं. नुसतं रडणं नव्हे, हंबरडा होता तो. मेल्याच्या उशाला बसून फोडतात तसा. वर चढायचा, चिरायचा, दम घ्यायचा आणि पुन्हा चढायचा. अंगण समोर दिसत होतं. अंगणात कुणी नव्हतं.

खोलीतून जगदेवीनं हाक मारली.

"अत्ती! का रडायलाव?"

हरणाबाई दारात तोंड मिटून उभी होती.

"अत्ती, रडू नका ना. माझं काय व्हनार हाय का? अत्ती!"

तिनं दार लोटलं, पोरीजवळ गेली आणि तिच्या कपाळावर हात ठेवला. "म्या न्हाय रडत, बाळा. बघ माझ्याकडं."

जगदेवीनं कंदिलाच्या उजेडात सासूचे कोरडे डोळे बघितले. मग दाराकडं बघितलं. "पण तुमचाच आवाज हाय की," ती बारीक आवाजात म्हणाली.

तुमचाच. हरणाबाईला ते दारातच कळलं होतं. एकदाच ऐकला होता तो आवाज, स्वतःच्या गळ्यातून. आता मनानं तिला नाना वाटा दाखवल्या. कोल्हं असंल. कुणाच्या तरी वस्तीवर मयत झालं असंल. कान वाजत असतील. तिनं एकेक वाट तपासली आणि बंद केली, कारण शेवटी गोठ्याला पत्रा नव्हता हे खरं होतं. आणि आणखी एक खरं होतं. एवढ्या सगळ्या आवाजांत लेकराचं रडणं कुठंच आलं नव्हतं.

५

हंबरडा थांबला. हरणाबाईनं गळ्यातल्या लिंगाला हात लावला आणि शांतपणे विचार केला. आवाज आलाय तर आलाय. पण आवाजाला तोंड लागतं. पत्र्याला काय कळतंय, झाडाला काय कळतंय. ते जाग्यावर बसून राहिले. मला कळतंय. म्या माझं तोंड देणार न्हाय.

तिनं पदराचा बोळा केला, तोंडात कोंबला आणि दातांनी धरला.

"अत्ती, हे काय?"

तिनं हातानंच खूण केली. गप. दम घे. जोर कर.

बाहेर गारा पडायला लागल्या. झरोक्यातून दिसत होत्या, लिंबाएवढ्या, अंगणात आपटून उडत होत्या, भट्टीवरची कढई थरथरत होती. आणि आवाज नव्हता. दुपारीच कधीतरी, कळांच्या गडबडीत, माळवदावर कुणी ज्वारी ओतल्यासारखं झालं होतं, ते आता तिला आठवलं.

मग ती शांतता खोलीत शिरली. जगदेवीनं तोंड फाडून किंचाळी फोडली आणि हरणाबाईला ती ऐकू आली नाही. पोरीच्या मानेच्या शिरा ताठल्या होत्या, ओठांवर आईच्या नावाचं "यव्वा" दिसत होतं. हरणाबाईला विठाबाई आठवली. ती जन्मभर अशीच बाळंतपणं करत आली. ओठ बघायचे. पोट बघायचं. हात चालवायचे.

पाय आले. इवले, निळसर. तिनं ओढले नाहीत. गुडघे आले, कंबर आली. पोरगी होती. खांदे आले. मान दिसली आणि सगळं थांबलं. कळ आली, गेली. डोकं येईना. हरणाबाईनं पाय धरले आणि सावकाश, आईच्या पोटाकडं वर उचलले. हनुवटी. नाक. कपाळ.

लेकरू हातात आलं आणि हातात तसंच राहिलं. ओल्या कापडासारखं. निळं, गार, गप.

तेव्हा तो वर चढला. हंबरडा. तिला तो फोडायचा नव्हता, तो आपणच पोटातून निघाला, छातीतून वर आला, गळ्यात येऊन उभा राहिला, आणि बोळ्याला आतून ढुसण्या द्यायला लागला. तिनं लेकराची पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या, नाकातोंडातलं बोटानं काढलं. काही नाही. राहिलं एकच, श्वास द्यायचा. आणि श्वास द्यायचा तर बोळा काढायला पाहिजे.

तिनं लेकरू तोंडाजवळ आणलं.

वाऱ्यानं दार उघडलं आणि वीज झाली.

अंगणात, गारांच्या मधोमध, एक बाई बसली होती. पाय मुडपून, मांडीवर काहीतरी घेऊन. लुगडं हरणाबाईच्या अंगावरचंच. मान मागं टाकलेली आणि तोंड उघडं, एवढं उघडं की त्याच्या आत नुसता अंधार दिसत होता. गारा तिच्याभोवती उडत होत्या. तिच्यावर एकही पडत नव्हती.

अंधार झाला. हरणाबाईनं बोळा काढला आणि त्याच क्षणाला स्वतःचं तोंड लेकराच्या नाकातोंडावर दाबलं. मधी केसाएवढी फट ठेवली नाही. हंबरड्याला बाहेर पडायला जागाच नव्हती. जाईल ती फुंकरच जाईल, आणि तीही लेकराच्या छातीत.

वीज झाली. बाई उंबऱ्यावर होती. मान सरळ झाली होती. तोंड तसंच.

हरणाबाईनं नजर तिच्यावर ठेवली आणि फुंकर घातली. दम नाकानं घेतला. पुन्हा घातली. ये, ती मनात म्हणाली. बस शेजारी. तोंड रिकामं न्हाय माझं.

वीज झाली. बाईच्या मांडीवरचं गाठोडं हरणाबाईच्या गुडघ्याला लागत होतं. गार होतं. आत इवले पाय होते.

तिनं फुंकर घातली.

तिच्या हातात, बोटांच्या मधी, कायतरी वळवळलं. तळपायाची बोटं आखडली. छाती आत गेली, फुगली. लेकरानं तोंड उघडलं, चेहरा चोळामोळा केला, मुठी आवळल्या. आवाज नव्हता. हरणाबाई त्या उघड्या तोंडाकडं बघत राहिली. आधी दिसलं होतं, हे तिनं पक्कं धरून ठेवलं. आधी दिसलं.

मग लेकराचं रडणं ऐकू आलं. आणि त्याच्यामागून गारांचा, वाऱ्याचा, दाराच्या आपटण्याचा, जगदेवीच्या हुंदक्यांचा आवाज, सगळा एकदम खोलीत कोसळला.

उंबरा मोकळा होता. ओलाही नव्हता.

६

शांतलिंग उन्हं परतल्यावर आला, चालत, कपाळ फुटलेलं, पण हसत. वड रस्त्यावर आडवा झाला होता, टेम्पो पलीकडंच अडकला. "खाली बैलगाडीवाले थांबले व्हते," तो म्हणाला. "म्या वरडून वरडून त्यास्नी हाकललं. याडा म्हणाले मला. आन् मग झाड आलं, आई. आवाज न करता आलं."

"पोरगी झाली," ती म्हणाली. "हात धू."

लेकीचं नाव नीलम्मा ठेवलं. पाणी-बिणी तिला काही दिसलं नाही, वीजही पडली नाही. वळीव येत राहिले, आधी उजेड आणि मग गडगडाट, जगरहाटीप्रमाणं. जगदेवीनं एकदाच विचारलं, भाकरी थापता थापता, "अत्ती, त्या दिवशी तुमी खरंच रडला न्हाईत?"

"न्हाय."

"मग ते उरलंय की."

हरणाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. तिला ठाऊक होतं. ऐकलेलं परत घेतलं जात नाही. तो आवाज, नीलम्माच्या नावाचा, फुटायचा राहिला होता, एवढंच.

पुढं काही वर्षांनी परंड्याला तिचा पाठचा भाऊ हणमंतप्पा वारला. बायका गळ्यात गळा घालून रडत होत्या. हरणाबाई भिंतीला टेकून तोंडात पदर धरून बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून हूं नाही.

"बया, काय दगडाचं काळीज," कुणीतरी मागं म्हणालं. "पाठचा भाऊ गेला आन् एक हंबरडा फोडवंना."

"फोड गं माय," भावजय तिच्या गळ्यात पडून म्हणाली. "मोकळी हो. आत ठिवून मरशील."

गळ्यात तो उभाच होता. इतक्या वर्षांत जरासाही म्हातारा झाला नव्हता. दातांच्या मागं येऊन, पदराला नाक लावून, वाट बघत होता. नीलम्मा गर्दीला बुजून आजीच्या मांडीवर येऊन बसली, पाय मुडपून. तिचं अंग ऊन होतं.

हरणाबाईनं तिला पोटाशी ओढलं आणि पदराचा बोळा आणखी आत सारला.